स्वस्त आवृत्तीतले गाळलेले स्वर

'आवृत्ती' हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. पहिली आवृत्ती, सुधारित आवृत्ती, चिकित्सक आवृत्ती, ग्रंथालय आवृत्ती, स्वस्त आवृत्ती असे तिचे प्रकार आपण येता-जाता उच्चारत असतो. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती म्हणजे संहितेची कसून केलेली तपासणी होती. स्वस्त आवृत्तीत कागद हलका असतो, बांधणी साधी असते, टाइप डोळ्यांना त्रास होईल इतका बारीक असतो. परंतु शासनाने सवलतीच्या दरात तुकारामांची गाथा काढली, तेव्हा दर कमी म्हणून अभंग कमी केले नाहीत. संक्षिप्त आवृत्त्याही निघतात. मात्र त्या मुखपृष्ठावर तसे सांगून निघतात, आणि संक्षेप कोणी केला त्याचे नावही बहुधा तिथेच असते. पैसे कमी म्हणून संहिता कमी, हा व्यवहार ग्रंथांच्या जगाने सहसा शिष्टसंमत मानलेला नाही.

संगणकावर संगीत लिहिण्यासाठी आणि ध्वनिमुद्रित करण्यासाठी जी सॉफ्टवेअर आज सर्रास वापरली जातात, त्यांनी 'आवृत्ती' हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ नेमका उलटा केला. तिथे कागद आणि बांधणी सर्वांना सारखीच मिळते. कमी-जास्त होते ती संहिता. हा विषय साहित्यचर्चेच्या पानावर कशाला, असे कुणाला वाटणे शक्य आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. ही सॉफ्टवेअर लेखनाची साधने आहेत. काय लिहिता येईल, कसे लिहिता येईल आणि लिहिलेले पुन्हा वाचता येईल की नाही, हे ती ठरवतात. लेखनाचे साधन लेखनाला कसे वळण लावते हा प्रश्न आपल्याच अभ्यासाचा आहे.

आधी नावे पाहू. 'एबलटन लाइव्ह' या प्रणालीच्या 'इंट्रो', 'स्टँडर्ड' आणि 'स्वीट' अशा तीन चढत्या आवृत्त्या विकल्या जातात. 'क्यूबेस'मध्ये 'एलिमेंट्स', 'आर्टिस्ट' आणि 'प्रो' अशी उतरंड आहे. 'एफएल स्टुडिओ'त 'फ्रूटी'च्या वर 'प्रोड्यूसर' आणि त्याच्या वर 'सिग्नेचर' येते. पाश्चात्य स्वरलेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या 'सिबेलियस'मध्ये 'फर्स्ट', 'आर्टिस्ट' आणि 'अल्टिमेट' असा क्रम लागतो. या नावांकडे जरा थांबून पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे यांतली बरीच नावे वस्तूची नसून माणसांची आहेत. हलका कागद आणि जाड कागद असे हे वर्गीकरण नाही. आरंभ करणारा, कलावंत, निर्माता, व्यावसायिक असे ते गिऱ्हाइकाचे वर्गीकरण आहे. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. 'क्यूबेस'मध्ये कलावंताची पायरी व्यावसायिकाच्या खाली आहे. संगीताच्या साधनात 'कलावंत' हा मधला दर्जा ठरावा आणि त्याने आणखी पैसे मोजले म्हणजे तो 'व्यावसायिक' व्हावा, ही कल्पना कुणा कादंबरीकाराने उपहासासाठी योजली असती तर आपण तिला दाद दिली असती. इथे ती किंमतपत्रकात छापलेली आहे आणि कुणाला तिचे हसू येत नाही.

आता या फरकांमागचे अर्थशास्त्र. १८४९ साली ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. द्युप्वीचे म्हणणे असे की छपराचा खर्च वाचावा म्हणून कंपन्या ते घालत नाहीत असे नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी गरिबाला उन्हापावसात बसवले जाते. पुढे यंत्रांच्या बाबतीतही हेच घडले. १९९१ साली इंटेलने '४८६एसएक्स' हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याच्या सुरुवातीच्या नगांमध्ये महाग भावंडातला गणिती भाग जसाच्या तसा होता, फक्त तो निकामी करून ठेवला होता. स्वस्त वस्तू तयार करण्यासाठी महाग वस्तू मुद्दाम बिघडवण्याचा हा प्रकार अर्थशास्त्रात आता रीतसर अभ्यासला जातो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर छपराला लागणारे लाकूडही वाचत नाही. एक प्रत तयार झाल्यावर दुसऱ्या प्रतीला खर्च जवळजवळ येतच नाही. 'एफएल स्टुडिओ' सर्व गिऱ्हाइकांना एकाच स्वरूपात उतरवून घेता येतो. त्यातला कोणता भाग उघडायचा आणि कोणता मिटलेला ठेवायचा हे नोंदणीवरून ठरते. म्हणजे 'फ्रूटी' घेणाऱ्याच्या संगणकावर 'प्रोड्यूसर'मधली ध्वनिमुद्रणाची सोयसुद्धा येऊन बसलेली असते, पण तिच्यावर कुलूप असते. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर स्वस्त प्रतीत सगळी पाने असतात, फक्त काही पाने चिकटवलेली असतात.

एवढ्यावरून या व्यवस्थेला सरसकट अन्याय म्हणणे मात्र उथळपणाचे होईल. तिची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रणाली घडवणाऱ्या माणसांना पगार द्यावे लागतात, तिची वर्षानुवर्षे देखभाल करावी लागते. सर्वांना एकच किंमत लावली तर ती बहुधा मोठ्या स्टुडिओला परवडेल अशी असेल आणि मिरजेचा किंवा म्हापशाचा विद्यार्थी दाराबाहेरच राहील. स्वस्त आवृत्तीमुळे त्याला निदान आत पाऊल टाकता येते. नवशिक्याला दोनशे पर्यायांचे जंगल नको असते, हेही खरे. तेव्हा आवृत्त्या असाव्यात की नसाव्यात हा खरा प्रश्न नव्हे. कोणत्या गोष्टींत फरक करणे रास्त आणि कोणत्या गोष्टींत गैर, हा प्रश्न आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही, कारण तुलनातक्त्यात बरोबरच्या खुणा आणि रिकामे चौकोन एवढेच दिसते. सगळे रिकामे चौकोन तिथे सारखेच रिकामे असतात.

ते सारखे नसतात. माझ्या मते त्यांचे तीन निरनिराळे प्रकार करावे लागतात.

पहिला प्रकार सामग्रीचा. वाद्यवृंदातल्या वाद्यांचे नमुने, तालवाद्यांचे संच, तयार ध्वनी हे सारे मिळवायला वादक बोलवावे लागतात, दालन भाड्याने घ्यावे लागते, हक्कांचे पैसे चुकवावे लागतात. 'एबलटन'च्या 'स्टँडर्ड' आणि 'स्वीट' यांच्यातला बराचसा फरक असा वाद्यांचा आणि ध्वनिसंचांचा आहे. त्यासाठी जास्त पैसे मागण्यात काही वावगे नाही. चित्रांची पाने असलेली आवृत्ती महाग असते, तसेच हे.

दुसरा प्रकार संख्येचा. 'लाइव्ह'च्या 'इंट्रो'मध्ये सोळा ट्रॅकची मर्यादा आहे. 'सिबेलियस फर्स्ट'मध्ये चार वाद्ये लिहिता येतात, 'आर्टिस्ट'मध्ये सोळा. पूर्ण वाद्यवृंदासाठी 'अल्टिमेट' घ्यावे लागते. ही मर्यादा जाचक आहे, परंतु ती प्रामाणिक आहे. चार तंतुवाद्यांची चौकडी लिहिणाऱ्याला ती जाणवत नाही. पाचवे वाद्य लिहू पाहणारा तिच्यावर जाऊन आदळतो. आपल्याला काय नाकारले गेले हे त्याला त्याच क्षणी कळते. आपल्या मर्यादेची कल्पना असलेला लेखक तिच्याशी झगडू शकतो, तिचा उपयोगही करून घेऊ शकतो.

तिसरा प्रकार भाषेचा आहे, आणि माझा आक्षेप त्याच्यावर आहे. इथे वगळलेली गोष्ट वाढीव सामग्री नसते, जास्तीची संख्याही नसते. ती विचाराचीच एक शक्यता असते. 'डोरिको' हे अलीकडच्या काळातले स्वरलेखनाचे अत्यंत विचारपूर्वक घडवलेले साधन आहे. २०१२ साली 'सिबेलियस'चे लंडनमधले कार्यालय बंद झाल्यावर त्यातल्या जाणत्या मंडळींना स्टाइनबर्ग कंपनीने बोलावून घेतले आणि त्यांनी नव्याने मांडणी करून २०१६ साली ते सिद्ध केले. त्याला नाव दिले तेही सोळाव्या शतकात रोममध्ये पालेस्त्रीनाचे संगीत छापणाऱ्या वालेरिओ दोरिको या मुद्रकाचे. इतक्या जाणकारीने घडवलेल्या या साधनातसुद्धा सप्तकाचे स्वतःच्या हिशेबाने भाग पाडण्याची, स्वतःची स्वरव्यवस्था आणि तिची चिन्हे रचण्याची सोय 'प्रो' आवृत्तीपुरतीच राखून ठेवलेली आहे. याचा अर्थ असा की बारा समान स्वरांचे सप्तक हे सर्वसामान्यांचे, आणि त्यापलीकडचा विचार हा व्यावसायिकांचा चोचला.

ज्या परंपरेत हे साधन जन्मले तिथेही हे गृहीतक वादग्रस्त ठरेल. आपल्याकडे तर ते तपासून पाहायलाच हवे. समविभाजित सप्तकात षड्जापासून शुद्ध गांधार बरोबर ४०० सेंटवर येतो. सेंट म्हणजे सप्तकाचे १२०० समान भाग केल्यावर मिळणारे एक माप. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा चौदा सेंटांचा फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला गायक व्यावसायिक आहे की हौशी आहे याच्याशी कर्तव्य नसते. गावच्या देवळात तंबोऱ्यावर भजन म्हणणारी बाईसुद्धा तो गांधार सहज लावते. जे सर्वसामान्यांच्या गळ्यात आहे ते साधनाच्या तक्त्यात मात्र उच्चभ्रूंच्या रकान्यात जाऊन बसते.

यावर कुणी म्हणेल की भातखंड्यांची स्वरलिपीही बाराच स्वरांची आहे. खरे आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर-खाली टिंबे, एवढ्या मोजक्या खुणांवर 'क्रमिक पुस्तक मालिके'तल्या शेकडो चिजा साध्या छापखान्यात उतरल्या. श्रुतींची सूक्ष्मता भातखंड्यांनी गुरुमुखावर सोपवली. पण दोन फरक इथे विसरता येत नाहीत. त्यांच्या लिपीला आवृत्त्या नव्हत्या. पहिल्या भागाचा विद्यार्थी आणि संगीताचा पंडित एकाच खुणा वाचत होते. आणि कागदावरचा 'ग' मुका होता. तो नेमका किती उंच हे कागद सांगत नव्हता, म्हणून ते सांगायला गुरूला जागा उरत होती. संगणकातला 'ग' बोलतो. तो दर वेळी ४०० सेंटवरच बोलतो आणि तेच बरोबर आहे असे ऐकणाऱ्याच्या मनावर ठसवत राहतो. लिपीतली उणीव माणूस भरून काढतो. वाजणाऱ्या यंत्रातली उणीव हळूहळू माणसाच्या कानात उतरते.

याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे, आणि तो पेटीचा. बारा ठरीव स्वरांची हार्मोनियम युरोपातून आली, स्वस्त झाली, घरोघरी आणि रंगभूमीवर रुळली. ती आपल्या गायकीला पुरी पडत नाही, ही तक्रार लवकरच सुरू झाली. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. ते आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हा इंग्रज अधिकारी यांच्या खटपटीतून श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर वादही झडले. ती पेटी रूढ झाली नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती कित्येक वर्षे टिकली. तरी साधी पेटी काही हटली नाही. थोर पेटीवादकांनी तिच्यातून जे काढले त्याबद्दल आदर बाळगूनही हे म्हणावे लागते की शाळेतल्या प्रार्थनेपासून संगीताच्या शिकवणीपर्यंत कित्येक पिढ्यांचा स्वराशी परिचय घडला तो या बारा पट्ट्यांच्या मुशीत. वाद तज्ज्ञांमध्ये चालला आणि कान स्वस्त वाद्याने घडवले. सवय जिथे लागते ती जागा स्वस्त वस्तूची असते. म्हणूनच संगीताच्या सॉफ्टवेअरची चिकित्सा करायची तर ती महाग आवृत्तीपेक्षा स्वस्त आवृत्तीची अधिक कठोरपणे केली पाहिजे.

भाषेच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. 'स्टँडर्ड' या शब्दाला आपल्याकडे 'प्रमाण' असा प्रतिशब्द आहे, आणि प्रमाण भाषेच्या बाहेर राहिलेल्या बोलींचे काय होते हा वाद आपण गेली कित्येक वर्षे घालत आहोत. त्या वादात निदान एक गोष्ट कुणी सुचवली नव्हती. पहिलीतल्या मुलाला 'ळ' मिळतो. तो पदव्युत्तर वर्गासाठी राखून ठेवलेला नसतो. ज्याला पुढे कधी 'ळ' लागणार नाही असे मास्तरांना वाटते त्यालाही तो मिळतो, कारण कुणाला काय लागेल हे मास्तरांनी ठरवायचे नसते. सॉफ्टवेअरच्या तुलनातक्त्यात हे विक्रेता ठरवतो.

आता वाचण्याविषयी. 'डोरिको'च्या धाकट्या आवृत्तीत तिच्या मर्यादेपेक्षा अधिक वादकांची रचना उघडली तर ती उघडते, पण केवळ वाचण्यापुरती. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने संस्थेच्या संगणकावर 'प्रो' आवृत्तीत मोठी रचना लिहिली. शिक्षण संपले, संस्थेचा परवाना संस्थेपाशी राहिला आणि तिच्या घरी धाकटी आवृत्ती आहे. स्वतःचे लेखन ती पाहू शकते, त्यातला एकही स्वर बदलू शकत नाही. 'एफएल स्टुडिओ'ची चाचणीसाठी मिळणारी प्रत याच्याही पुढे जाते: तिच्यात केलेले काम साठवता येते, परंतु विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. पुस्तक घेणाऱ्याच्या हक्कांविषयी आपण भरपूर बोलतो. स्वतःच्या हस्तलिखितावरच्या लेखकाच्या हक्कांविषयी या क्षेत्रात बोलण्याची वेळ आलेली आहे.

कारण विक्रेताही चिरंजीव नसतो. १९८८ साली निघालेले 'फिनाले' हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर तीन तपांहून थोडा कमी काळ जगले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक कंपनीने त्याचा विकास आणि विक्री थांबवल्याचे जाहीर केले. वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर चालू करून घेता येणार नाही, असेही तेव्हा सांगण्यात आले होते. वापरणाऱ्यांनी गदारोळ केला तेव्हा कंपनीने ते कलम मागे घेतले. ज्यांच्या आयुष्यभराच्या रचना त्या स्वरूपात साठवलेल्या होत्या त्यांनी सर्वांत महाग आवृत्तीचे पैसे भरले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'व्यावसायिक' या बिरुदाने त्यांना त्या दिवशी कोणतेही संरक्षण दिले नाही. उपयोगी पडली ती 'म्युझिकएक्सएमएल' ही कोणत्याही एका दुकानाची नसलेली, उघडी लिखाणपद्धत. तिच्यातून रचना दुसऱ्या प्रणालीत नेता येतात, थोडी पडझड होऊन का होईना.

यावर उपायच नाही असे म्हणण्याचे कारण नाही. 'रीपर' या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीचे दोन परवाने आहेत, एक ६० डॉलरचा आणि दुसरा २२५ डॉलरचा. प्रणाली मात्र एकच. तिच्यातले काहीही कुणापासून राखून ठेवलेले नाही. व्यक्तिगत वापर करणारा, शिक्षणसंस्था किंवा वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न नसलेला व्यावसायिक कमी पैसे देतो, इतर जास्त देतात. गिऱ्हाइकाची ऐपत इथेही पाहिली जाते. ऐपतीवरून त्याची भाषा कापली जात नाही. ॲपलने २०११ च्या डिसेंबरात 'लॉजिक एक्स्प्रेस' ही धाकटी आवृत्ती बंद करून 'प्रो'ची किंमत सुमारे २०० डॉलरवर आणली. यंत्रे विकून पैसे मिळवणाऱ्या कंपनीला हे औदार्य परवडते हे खरे, पण मर्यादित आवृत्तीवाचून धंदा बुडत नाही एवढे त्यातून दिसले. 'म्यूजस्कोर' तर मुक्त परवान्याखाली फुकट मिळते, आणि त्यात प्रत्येक स्वराची उंची सेंटांच्या हिशेबात बदलता येते. जे फुकट देता येते ते 'व्यावसायिक' कुलुपात ठेवण्यामागे तांत्रिक अपरिहार्यता असू शकत नाही. तो एक निवडलेला धोरणात्मक निर्णय असतो, आणि निर्णयाची चिकित्सा करता येते.

तेव्हा संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी आणि विभागांनी सॉफ्टवेअर घेताना किंमतीबरोबर चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. धाकट्या आवृत्तीतून जे वगळले आहे ते सामग्री आहे, संख्या आहे, की भाषा आहे? विद्यार्थी संस्थेतून बाहेर पडल्यावर त्याचे काम त्याला उघडता आणि बदलता येईल का? ते उघड्या पद्धतीत बाहेर काढण्याची सोय सर्वांत स्वस्त आवृत्तीतही आहे का? आणि विक्रेत्याने उद्या दुकान बंद केले तर काय? चौथ्या प्रश्नाला कोणीही खात्रीचे उत्तर देणार नाही, म्हणून पहिल्या तिघांची उत्तरे लेखी घ्यावीत.

साहित्याच्या वर्गात एक तास या तुलनातक्त्यांच्या वाचनाला द्यायलाही हरकत नाही. गाळलेल्या मजकुरावरून संपादकाची दृष्टी ओळखायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. इथे संपादकाचे नाव छापलेले नाही आणि गाळलेला मजकूर एका रिकाम्या चौकोनात दडलेला आहे, एवढाच फरक. कंपन्यांनी ध्वनींच्या खजिन्याचे पैसे घ्यावेत, मोठ्या वाद्यवृंदाचे घ्यावेत, सेवेचे आणि देखभालीचेही घ्यावेत. स्वरांची वर्णमाला आणि स्वतःचे जुने लेखन, या दोन गोष्टी मात्र प्रत्येक आवृत्तीत, अगदी सर्वांत स्वस्त आवृत्तीतही, अखंड मिळाल्या पाहिजेत.